मैनाबाईची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाज म्हणजे खाटच म्हणा. पण खाटेवर कोणीही लोळतं, माझ्यावर मात्र बाळंतीण निजायची. म्हणून मी स्वतःला खाटेपेक्षा चार बोटं वरचीच समजते. हसायचं तर हसा. माझे पाय बाभळीचे आहेत, आणि बाभूळ कोणाच्या हसण्यानं वाकत नाही.

माझा जन्म नांदगाव खंडेश्वरचा. साल एकोणीसशे एकवीस. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपुरात बसायचे, आणि आमच्या गावापर्यंत त्यांचा फक्त कागद यायचा. गावात गोवर्धन नावाचा माळी होता. त्याची लेक मैना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. गोवर्धननं देवीदास सुताराला बोलावून सांगितलं, "असी बाज बनव, का पोरीनं कूस बदलली तरी कुरकुर नाई आली पायजे."

देवीदासनं वर्षभर पाण्यात मुरवलेली बाभूळ काढली. पाय तासले, दांडे बसवले आणि अंबाडीच्या दोरीनं तीन दिवस विणकाम केलं. मग वीण घट्ट झाली की नाही हे पाहायला तो स्वतःच माझ्यावर बसला आणि गोवर्धनच्या बायकोची बोलणी खाऊन उठला. बाळंतिणीच्या बाजेवर पुरुषानं बसू नये, एवढंही त्या शहाण्याला कळलं नव्हतं. पण काम मात्र त्यानं चोख केलं होतं.

तुम्हाला वाटेल, बाळ माझ्यावर जन्मलं असेल. तसं नाही. त्या काळी बाळ जमिनीवर जन्मायचं. आई उकिडवी बसायची आणि हाताला येईल ते घट्ट धरायची. मैनाच्या हाताला माझा पाय आला. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिनं तो सोडला नाही. ती ओरडली, रडली, मध्येच आपल्या नवऱ्याला चार शिव्याही दिल्या. मग बारीकसा ट्यँहँ झाला आणि सगळ्या बाया एकदम हसल्या. मुलगी झाली होती. तिचं नाव सुभद्रा ठेवलं.

मग मैनाला माझ्यावर निजवलं. माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली आणि वरून ओव्याची चिमूट टाकली. तो शेक पाठीत शिरला तशी मैना शांत झोपली. मला त्या दिवशी माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

सव्वा महिन्यानं मैना सासरी निघाली. गोवर्धननं पाळण्यासोबत मलाही बैलगाडीत चढवलं. सासर अमरावतीच्या अंगाला, लहानशा खेड्यात. नवरा खुशालराव मेथी, वांगी आणि झेंडू पिकवायचा. घरात त्याची आई होती, तानुबाई. जिभेनं तिखट, पण सुनेवर तिचा भारी जीव. मैना पानावर बसल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. माझं कौतुकही तिनंच गावभर केलं. "असी वीन अमरावतीत बी नाई मिळनार," असं सांगायची. शेजारच्या बाया बाळंतपणाला मला मागून न्यायला लागल्या. माझा रुबाब वाढला, हे मी कबूल करते.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला जड जातं. पण ते वगळलं तर माझी गोष्ट खोटी होईल.

दोन वर्षांनी पौष महिन्यात मैनाला मुलगा झाला. त्या वर्षी थंडी अशी होती की घागरीतलं पाणी हाताला झोंबत असे. बाळंतिणीला वारा लागू नये, लागला तर ती जन्माची दुखणेकरी होते, असं तानुबाई ऐकत आली होती. तिच्या आईनंही तेच ऐकलं होतं. तिनं खोलीच्या एकुलत्या झरोक्यात गोणपाट कोंबलं. दाराला गोधडी लावली. चौथ्या दिवशी सकाळी मैना आणि बाळ गाढ झोपले असताना ती हळूच आत आली, माझ्याखाली दुसरी शेगडी सरकवली, बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि दार लावून गेली. तिचा हात किती मायेनं फिरला होता ते मी पाहिलं आहे.

तुम्ही शाळेत शिकता. बंद खोलीत निखारे जळत राहिले तर तिथली हवा विषारी होते, आणि त्या विषाला वास नसतो, हे गुरुजींनी तुम्हाला सांगितलं असेल. आमच्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

थोड्या वेळानं मनकर्णा सुईण बाळाला तेल लावायला आली. मैना हाका मारूनही उठेना. मनकर्णानं तिला ओढत अंगणात उन्हात नेलं. मैनाला मोठी उलटी झाली आणि तिनं डोळे उघडले. बाळानं उघडले नाहीत.

"सटवीनं पाचवीचीबी वाट नाई पाह्यली," बाया म्हणाल्या. पाचवी पुजली नव्हती, नाव ठेवलं नव्हतं. म्हणून लोकांच्या लेखी ते लेकरू झालंच नव्हतं. पुढे कोणी विचारलं की तानुबाई सांगायची, "मैनाले एक पोरगी हाये." 

दोष कोणाला तरी द्यायचा असतो. तो माझ्यावर आला. ज्या बाजेवर लेकरू गेलं ती घरात नको, फोडून चुलीत घाला, असं तानुबाई म्हणाली. खुशालराव कुऱ्हाड घेऊन आलासुद्धा. तेव्हा मैना उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"राहू द्या तिले. त्याचं दुसरं काईच नाई घरात. ना कुंची, ना नाव."

खुशालरावनं कुऱ्हाड खाली ठेवली. त्यानं मला मळ्यातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, नेऊन टाकलं. तिथं माझ्यावर मिरच्या वाळत घातल्या. कोणी मला मागायला येईना. बाया तर वाट वाकडी करून जात. मला राग आला होता, मित्रांनो, आणि रडूही येत होतं. लाकडाला रडता येत नाही हे बरं आहे. मिरच्या भिजल्या असत्या.

तीन वर्षं गेली. कार्तिकात एका सकाळी मैना मळ्यात अमरावतीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. दिवस भरत आले होते, पण "आजून आठ रोज हायेत" असं तिचं म्हणणं. पोटातल्याचं म्हणणं वेगळं होतं. मनकर्णा धावत येईपर्यंत चंद्रभान मेथीच्या वाफ्यातच अवतरला होता. पुढे हा चंद्रभान जन्मभर मेथीला नाक मुरडायचा. आपल्याच जन्मगावाला कोणी अशी नावं ठेवतं का?

मैनाचं रक्त फार गेलं होतं. "पाच रोज हिले गाडीत घालू नका," मनकर्णानं बजावलं. मग काय, खोपडीत मीच तेवढी होते. मिरच्या झटकल्या, मला पुसलं आणि मैनाला माझ्यावर निजवलं. खोपडीच्या भिंती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या. वारा या बाजूनं शिरायचा आणि त्या बाजूनं निघून जायचा. तानुबाई पाच दिवस कपाळाला हात लावून बसली. "वारा लागून राह्यला पोरीले, आता काई खरं नाई," असं म्हणत तिनं देवांची यादीच वाचली.

आणि झालं काय? मैना सुधारली. चंद्रभान असा रडायचा की बाजारात भाजी विकायला आजच तयार आहे असं वाटे. मैना पडल्या पडल्या शेगडीचा धूर पाहायची. तो पऱ्हाट्यांच्या फटींतून सरळ बाहेर जात होता. तिसऱ्या दिवशी ती एकदम उठून बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती स्वतःशीच बोलली, पण मी तिच्याखालीच होते ना.

"याले एवढा वारा लागला, काई नाई झालं. मंग त्याले काय झालं होतं?"

 मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदका आतल्या आत दाबला. तिला कळलं होतं. आणि कळलेलं सांगायचं कोणाला? सांगायचं म्हणजे तानुबाईला म्हणायचं की तुमच्या हातानं माझं लेकरू गेलं. ज्या बाईनं तिला पोटच्या पोरीसारखं जपलं, तिला! मैनानं ते गिळून टाकलं.

चंद्रभानच्या पायगुणानं मी पुन्हा घरात आले. तोच गाव, त्याच बाया. आता पुन्हा बाज चांगली! चार वर्षांनी जमुना झाली. तेव्हा तानुबाईची पाठ फिरली की मैना काठीनं झरोक्यातलं गोणपाट पाडायची. तानुबाई यायची, उंदरांच्या नावानं बोटं मोडायची आणि ते पुन्हा कोंबायची. मला हसू यायचं, पण त्या हसण्यात काळजी होती. एक बाई दोन जीव वाचवत होती आणि तिसरीचं मनही राखत होती. असं किती दिवस चालणार?

चाललं, सुभद्रा मोठी होईपर्यंत. तिला अकोल्याला दिली होती. एकोणीसशे अडतीस साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, बडनेऱ्यापर्यंत आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं. माझी वीण नव्यानं केली गेली. पुन्हा पौषच होता. आईनं जो पाय धरला होता, तोच लेकीनं धरला आणि तिला मुलगा झाला.

तानुबाई आता सत्तरीला टेकली होती. गुडघे गेले होते, बाहेरची कामं सुटली होती. म्हणून ती दिवसभर पणतवाजवळ त्याच खोलीत बसून राहायची. थोडं फिरून यायची, पुन्हा बसायची. काठीची युक्ती आता चालणार नव्हती. झरोका बंद, दाराला गोधडी. एका सकाळी थंडी वाढली तशी म्हातारी उठली आणि भिंतीला धरत धरत दुसरी शेगडी घेऊन आली.

थोड्या वेळानं सुभद्रा म्हणाली, "माय, डोकं जड होऊन राह्यलं."

मैना दारातच होती. तिनं बाळाकडे पाहिलं. मग ती आली, दोन्ही शेगड्या उचलून अंगणात ठेवल्या, गोधडी ओढून काढली आणि झरोक्याकडे वळली.

"काहून वो मैना, भूत लागलं का तुले?" तानुबाई ओरडली. "थंड्या वाऱ्यानं पोरगी मरून जाईन माही!"

"वाऱ्यानं नाई मरत, आत्याबाई."

"मंग कायनं मरते?"

मैनाचा हात झरोक्यावर थांबला. सतरा वर्षांची सुभद्रा एकदा आईकडे, एकदा आजीकडे पाहत होती. आता बोलावंच लागणार होतं.

"तुमाले आठवते?" मैना हळू म्हणाली. "माह्या पोराच्या वक्ती. चौथ्या रोजी. मले लय थंडी वाजत होती, म्हून मीच दुसरी शेगडी मांगली होती. त्या कोंडल्या धगीनंच गेला तो. माही चूक झाली, आत्याबाई. आता पोरीच्या वक्ती नको."

मित्रांनो, मी त्या सकाळी तिथंच होते. मैनानं काहीही मागितलं नव्हतं; ती झोपली होती. बारा वर्षं गिळलेलं खरं तिनं बाहेर काढलं, तेही दोष स्वतःवर घेऊन. माझ्या दोऱ्या आतून ताणल्यासारख्या झाल्या.

 तानुबाई पुढे आली आणि माझ्या दांड्याला धरून उभी राहिली. 

"खोटं नको बोलू, मैना," ती म्हणाली. "तू झोपेल होती. मीच आनली होती शेगडी. चंद्रभान खोपडीत झाला ना, तवापासून मलेबी समजून राह्यलं होतं. पन तोंडातून निंगलं नाई. तुले समजलं तं तू मले माय नाई म्हननार, असं वाटे."

"मंग आताबी काहून कोंबलं गोनपाट?"

"भेव वाटते वो. तेबी भेव वाटते, हेबी भेव वाटते." म्हातारी रडायला लागली. "मी नाई कोंबलं, अन वाऱ्यानं काई झालं तं?"

मैना तिला धरून माझ्यावर बसवायला गेली, पण ती बसली नाही. ती स्वतः झरोक्यापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांनी ते गोणपाट ओढून काढलं. पौषाचं ऊन खोलीत आलं. सुभद्रानं मोठा श्वास घेतला. बाळ शिंकलं आणि त्या तिघी दचकून त्याच्याकडे पाहू लागल्या. ते ठणठणीत होतं. त्याला फक्त दूध हवं होतं.

मग सुभद्रानं विचारलं, "माय, मले आनखी एक भाऊ झाला होता? कसा होता तो?"

 मैनानं कोणाजवळ कधी त्याचं वर्णन केलंच नव्हतं. तेव्हा तानुबाईच बोलली.

"गोरापान होता. कानाच्या पाळीवर बारीक केस होते. उजव्या मुठीत माहं बोट धरे, तं सोडेच नाई. खुशालसारखंच नाक होतं."

"नाई, नाक माह्या बापासारखं होतं," मैना म्हणाली.

"काई नाई, खुशालसारखं!"

आणि मित्रांनो, त्या दोघी दुपार होईपर्यंत त्या नाकावरून भांडत होत्या. रडत होत्या, मध्येच हसत होत्या. चार दिवस जगलेलं ते लेकरू पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात आलं होतं.

आता मी थकले आहे. दोन दांडे किडले आहेत. हल्ली बाया अमरावतीच्या दवाखान्यात लोखंडी खाटेवर बाळंत होतात, आणि तिथं खिडक्या मोठ्या असतात, हे चांगलंच आहे. मला रंग लावा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य कारणी लागलं.

मागणं एवढंच आहे. तुमची आई तुमच्या जन्माची गोष्ट सांगते, तेव्हा मेथीच्या वाफ्यासारखं हसण्यासारखं तेवढंच सांगते. ते ऐकून लगेच खेळायला पळू नका. थोडं बसा. तिला विचारा, "आणखी काही आहे का गं?" ती नाही म्हणेल, कामाला लागेल, तुम्हाला उठवूही पाहील. तरी बसून राहा. एखाद्या लेकराचं नाक कोणासारखं होतं हे सांगायला तिला कोणी भेटलेलं नसेल.