न उघडता दाबायचं

बाटल्यांच्या कारखान्यात मावशीच्या नजरेची ख्याती होती. सरकत्या पट्ट्यावरून मिनिटाला साठ बाटल्या दिव्यापुढून जायच्या आणि केसाएवढी चीर असलेली नेमकी बाटली ती उचलून बाजूला टाकायची. मात्र घरी फोनवर येणारी यादी तिने कधी उघडून बघितली नव्हती. वसाहतीत कुणीच ती बघत नसे.

ही यादी म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्यायला हवं. घरं कंपनीची होती. फोन आणि नेटही कंपनीचंच. हजेरी त्यावर, दवाखान्याचा नंबर त्यावर, मुलांचे धडे आणि दुकानातलं धान्यही त्यावरच. बाहेरचं जग त्या फोनवर दिसायचं ते कंपनी दाखवेल तेवढंच. या सगळ्याच्या बदल्यात एक छोटंसं काम होतं. लाल यादी आली की घरटी एकाने प्रत्येक ओळीपुढचं ‘खोटं’ हे बटण दाबायचं. ओळीमागे वसाहतीतल्याच कुणाचा तरी मजकूर नाहीतर व्हिडिओ असे. शंभर घरांनी दाबलं की तो कायमचा पुसला जाई. म्हणजे कंपनी कुणाचं तोंड बंद करत नव्हती, शेजारीच करत होते. उघडून बघायलाही बंदी नव्हती. फक्त उघडलं की त्या घराचं नेट जाई.

बघता बघता त्याची रीतच होऊन गेली. नवी सून आली की सासू तिला शेगडी दाखवी, नळाची वेळ सांगे आणि बजावे, “यादी न उघडता दाबायची.”

त्या दिवशी मावशीची सुट्टी होती. शेजारची शिंपीण गप्पा मारायला आली होती आणि दोघी ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. सून दारात उभी राहून कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होती. सातवा महिना लागला होता तिला.

“आई, भट्टीची भिंत बाहेरून लाल दिसतेय असं हे म्हणत होते. आज सगळे मिळून साहेबांना सांगणार आहेत, भट्टी बंद करा म्हणून.”

“सांगू दे. दादू ओरडा खाईल आणि येईल घरी. लहानपणापासून अंगवळणी पडलंय त्याच्या.”

शिंपीण हसली. “तुमचा लेक साहेबाला शिकवतो, मावशी. आमचे हे साहेबाच्या गाडीलाही नमस्कार करतात. परवा तर गाडीत कुणी नव्हतंच!”

तेवढ्यात दोघींचे फोन एकदमच थरथरले. लाल यादी. एकच ओळ.

“अशी अवेळी कशी आली?” सून म्हणाली.

“असेल कुणाचं तरी रडगाणं,” म्हणत शिंपिणीने दाबलं. “झालं माझं.”

“आई, एकदा बघायचं का? एकच तर आहे.”

“बघून काय पोट भरणार आहे? परवा तुझी डॉक्टरीणबाईंची तारीख. नेट गेलं तर नंबर कसा लावशील?” मावशीचे हात शेंगांच्या मातीने माखले होते. तिने करंगळीने बटण दाबलं आणि पुढची शेंग उचलली.

वाटीभर दाणे झाले असतील नसतील, तोच जमीन हादरली. खिडकीची काच फुटून ओट्यावर सांडली. धुराड्याच्या शेजारून काळा लोट उठला.

सगळी वसाहत धावत सुटली. भट्टीघराचं मागचं दार घरांपासून पाच मिनिटांच्या वाटेवर होतं. मावशी पोचली तेव्हा त्या लोखंडी दाराला बाहेरून साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि कुलपापुढे आठ पहारेकरी काठ्या घेऊन उभे होते. आतून दारावर काहीतरी आपटत होतं. मग ते थांबलं.

“मागे व्हा! हुकूम नाही!”

“माझा लेक आत आहे रे!”

पहिली काठी मावशीच्या खांद्यावर बसली. दुसरी शिंपिणीच्या नवऱ्याच्या कपाळावर. गाडीला नमस्कार करणारा तो गरीब माणूस रक्त पुसत उठला आणि पहारेकऱ्याच्या अंगावर धावून गेला. मग कुणी दगड उचलले, कुणी दात वापरले. एका पहारेकऱ्याचा जबडा फुटला, एका म्हाताऱ्याचा गुडघा उलटा वळला. मावशीला लोखंडी सळई सापडली. ती साखळीवर घाव घालत राहिली. तळहाताची साल निघाली तरी घालत राहिली. सून भिंतीला पाठ लावून एका हाताने पोट धरून होती आणि दुसऱ्या हाताने फोन. ती सगळं टिपत होती.

साखळी तुटली. दार उघडताच सात माणसं बाहेर कोसळली, कारण सातही जण दारालाच टेकून होते. वितळलेल्या काचेने पाठी जाळल्या होत्या. त्यांतला एकच श्वास घेत होता, बाटल्यांचे साचे सांभाळणारा साचेवाला. दादू सर्वांत खाली होता. त्याची बोटं दाराच्या फटीत चेंगरून काळी पडली होती.

मावशीने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. साचेवाला पुटपुटला, “भट्टी बंद करा म्हटलं म्हणून कोंडलं आम्हाला. भिंत फुटायला लागली तेव्हा दादूने व्हिडिओ टाकला, मावशी. मागचं दार तोडा म्हणून. वीस मिनिटं वाट बघितली. कुणी बघितलाच नाही का?”

मावशीने स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. शंभर घरांत कुणाचं बटण कितवं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. माझं नसेल, असंही कुणाला म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीचा अधिकारी चार पहारेकरी घेऊन मावशीच्या घरी आला. त्याने दुःख व्यक्त केलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“सुनेने व्हिडिओ टाकलाय. साखळीचा. यादीत लागलाय तो, पण लोक थांबलेत. तुमच्या घरातून आधी दाबलं गेलं, म्हणजे त्यांनाही धीर येईल.”

“दार बंद होतं साहेब.”

“चौकशीत ठरेल ते. तुमचा मुलगा तर गेला, मावशी. येणाऱ्या बाळाचा विचार करा. आणि खरं सांगू? कालचा व्हिडिओ कंपनीने नाही पुसला. बोट तुमचंच होतं.”

“हो,” मावशी म्हणाली, “माझंच होतं. बावीस वर्षं फुटक्या बाटल्या शोधल्या या डोळ्यांनी आणि लेकाची हाक न बघता पुसली. ते पाप माझं आहे, तुमच्यावर ढकलत नाही. पण आता हे बोट तुम्हाला मिळणार नाही.”

अधिकाऱ्याने मानेने खूण केली. दोघा पहारेकऱ्यांनी मावशीला जमिनीवर दाबलं, तिसऱ्याने तिचा उजवा हात पिरगाळून फोनवर आणला. तिने मूठ आवळली. त्याने बोटं एकेक करून उलगडायला सुरुवात केली. करंगळी मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. सून धावली, तिला चौथ्याने भिंतीवर ढकललं. “पोट सांभाळ!” मावशी ओरडली आणि मोकळ्या राहिलेल्या कोपराने तिने फोनवर प्रहार केला. बटणावर नाही. ओळीवर.

व्हिडिओ उघडला. साखळीवर सळईचे घाव वाजू लागले. पहारेकऱ्याने फोन उचलून फरशीवर आपटला, बुटाखाली चिरडला.

तरी घाव वाजतच होते.

अधिकारी गोंधळून उभा राहिला. आवाज भिंतीपलीकडून येत होता, शिंपिणीच्या घरातून. मावशीकडचे घाव ऐकून तिथेही ओळ उघडली गेली होती. मग समोरच्या घरातून. मग वरच्या मजल्यावरून, पुढच्या गल्लीतून, दवाखान्याच्या रांगेतून. एकेका घराचं नेट जात होतं आणि त्याआधी प्रत्येक घर ते दार एकदा डोळे उघडे ठेवून बघत होतं.

“बंद करायला सांगा त्यांना!” अधिकारी किंचाळला.

मावशी मोडका हात छातीशी धरून उठली. सुनेच्या आधाराने ती उंबऱ्यापर्यंत गेली. बाहेर माणसं गोळा होत होती. कुणाच्या हातात आता चालू फोन नव्हता. शिंपिणीचा नवरा कपाळाच्या पट्टीसकट सगळ्यांत पुढे होता.

“मावशी,” तो म्हणाला, “आमच्या घरातूनही दाबलं होतं.”

“ठाऊक आहे रे. चल, साचेवाला शुद्धीवर आहे तोवर त्याच्या तोंडून सगळं लिहून घेऊ. कागद आण. आणि ज्यांनी ज्यांनी दाबलं, त्यांची नावं खाली लिहू. सर्वांत वर माझं.”