कबूल झालेला पाय

इंगळबाबाच्या मांडीवर पाय, तळव्यावर चुलीतला लाल पेटता इंगळ, आणि ज्याचा पाय तो माणूस चक्क हसत होता. घाटंजीच्या बाजारातून परतणारी गर्दी मांडवात कोंबली होती. पुढच्या रांगेत शाळेत विज्ञान शिकवणारे देवराव गुरुजी हात जोडून बसलेले. त्यांना पाहून तर मला किळसच आली.

"देवीनं पाय कबूल केला!" इंगळबाबा गरजला. "सगळी आग पेऊन घेतली तिनं. आता गोळ्या कायले अन् सुया कायले? फेका तिकडं."

हसणारे ते मारोतराव, माझेच शुगरचे पेशंट. मी हाक मारली तर म्हणाले, "मॅडम, काहीच लागून नाही राह्यलं. तुमी तं बोट कापाची गोष्ट करत होत्या."

पंधरवड्यानं त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात आणलं. पट्टी सोडली आणि खोलीभर कुजका वास पसरला. मी तपासत सांगत गेले, निकिता सिस्टर लिहीत गेली. उजवा पाय पोटरीपर्यंत सुजलेला, दाबलं की खड्डा राहतो. नडगीची कातडी काळी, चकचकीत. घोट्याजवळ नाडी लागत नाही. तळव्यावर भाजल्याची जखम, आत पू, पुवात अळ्या. मी चिमट्यानं अळ्या काढत होते आणि मारोतराव पंख्याकडे बघत होते. त्यांना काही कळतच नव्हतं.

मग बोटांच्या बेचक्यात बारीक भोकं दिसली. एकातून काट्याचं मोडकं टोक निघालं.

"वावरातला असन," मारोतराव म्हणाले.

"वावरातला काटा खालून भरतो. हा वरून बेचक्यात कसा गेला?"

"तिथंच धरून तं बाबा पत्रिका वाचल्यावानी पाय वाचते," विमलताई म्हणाल्या. "माहा बी वाचला. मले टोचल्यावानी झालं, मी पाय वढला. तं म्हणे, बाई, तुही वेळ नाही आली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मारोतरावांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मांडवात जाऊन बाबाच्या मांडीवर स्वतःचा पाय ठेवला. त्यानं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि बेचक्यात कचकन काटा टोचला. मी दात आवळून गप्प बसले.

"कबूल!" तो ओरडला. तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं आणि हात उलटा केला. अंगठीच्या आतल्या बाजूला बाभळीचा काटा बसवलेला होता. तो मी सगळ्यांना दाखवला.

"आता इंगळ तुमच्या पायावर ठेवू, महाराज?"

त्यानं झटकन पाय आखडून पोटाशी घेतला.

मागून कुणीतरी विचारलं, "मंग मारोतरावले काहून नाही लागलं?"

"कारण त्यांचा पाय आधीच बधिर होता. शुगरनं नसा मेल्या होत्या. हा नालायक काटा टोचून असेच पाय शोधतो. जो ओय करतो त्याला परत पाठवतो, जो करत नाही त्याला भाजतो. मारोतरावांचा पाय परवा गुडघ्याखालून कापला. देवीनं आग नाही प्यायली, यानं पाय सडवला. आणि तुम्ही मोबाइल वर धरून बघत बसलात. अरे, चटका बसणं ही पायाची राखण आहे. चटका बसला नाही तर हात जोडू नका, दवाखान्यात या. रोज रात्री तळवे बघा. एवढं तरी डोकं चालवा."

बाबा मागच्या बाजूनं निसटायला लागला, पोरांनी त्याला धरलं. तिकडं कल्ला सुरू झाला. पुढच्या रांगेतले देवराव गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या आधी माहा पाय वाचला त्यानं. कबूल झाला."

"टोचलं होतं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि त्यांचा पाय हातात घेतला. बेचक्यातून रक्त येत होतं आणि गुरुजींना ते अजून कळलं नव्हतं.