बेरोजगारीचा रकाना

आमच्या ठाण्यात आजवर बेकारीपायी एकही माणूस मेलेला नाही. मी बकाराम हवालदार, महिन्याचा तक्ता मीच भरतो, म्हणून छातीठोक सांगतो. आत्महत्येच्या कारणांचे रकाने ठरलेले आहेत: घरगुती भांडण, प्रेमप्रकरण, दारू, आजारपण, बेरोजगारी. शेवटच्यात कायम शून्य. आजारपणाचा मात्र भरलेला, कारण घरचे येतात आणि पोटदुखीला कंटाळला म्हणतात. पोटदुखी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. पंचवीस-तीस वर्षांची धडधाकट पोरं, आणि सगळ्यांची पोटं खराब. मी निमूट लिहून घेतो.

गेल्या महिन्यात देवरीकडच्या एका गावचे ताराचंद आले. त्यांच्या रत्नपालने दोन दिवसांपूर्वी जीव दिला होता. एकोणतीस वर्षांचा, एम.ए., बी.एड. सोबत धाकटी मुलगी रश्मी होती. मी मुलाचा व्यवसाय विचारला. ताराचंद म्हणाले, नागपूरला कंपनीत. कोणत्या कंपनीत म्हटलं, तर ते पोरीकडे बघू लागले.

खरं रश्मीनेच सांगितलं. कंपनी नव्हती की नागपूर नव्हतं. भाऊ घरी बसलेला आहे कळलं की तिला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन उठायचे, म्हणून बापाने गावात नोकरीची आवई उठवली. आता नोकरीवाला पोरगा गावात दिसून कसं चालेल? त्याला गोंदियात खोली करून दिली. रविवारी सुटीवर आल्यासारखं यायचं, सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बसने जायचं. दोन वर्षं हे चाललं. खोलीवर तो दिवसभर दार लावून बसायचा, आणि गावातली पोरं त्यालाच फोन करायची, तुझ्या कंपनीत आम्हालाही लावून दे म्हणून.

ताराचंद खाली बघत होते. "पोटात दुखत होता, असा लिहा साहेब," ते म्हणाले. "पोरीचा लगन जमून राहिला आहे."

"बाबा, मेल्यावरबी त्याले नोकरीवर काऊन पाठवून राहिले?" रश्मी म्हणाली. मग आवाज न चढवता म्हणाली, "मीबी बी.एड. करून घरीच आहो. उद्या माह्याबी पोटात दुखन का?"

 म्हातारा रडतच बोलला, "लिहा. काम नव्हता त्याले. आमी खोटा बोललो."

मी जबाब लिहिला. दोघांनी सह्या केल्या. महिनाअखेरीला त्या रकान्यात पहिल्यांदाच एक लिहिला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तक्ता पाठवल्यावर चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. "बकारामजी, बेरोजगारी में ये एक कहाँ से आया? तुमच्याकडं कधी नसतो. गलती हुई होगी, देख लो."

चूक नाही, जबाब आहे, मी म्हणालो. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, रिटायर व्हायला किती वर्षं राहिली? चार, मी सांगितलं. मग ही चार वर्षं नीट काढा, ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या पोरीने स्वतःचं जमत आलेलं लग्न पणाला लावलं, पण भावाचं खरं सांगितलं. मला नुसता एक आकडा सांभाळायचा होता. तेवढंही जमलं नाही. माझी नोकरी आहे. मी तक्ता नव्याने टाइप केला आणि आजारपणात एक वाढवला.