परत आलेल्या बाटल्या

“एवढेच हॉप्स?” मी विचारलं.

“पुरेत,” हेझल पातेलं ढवळत म्हणाली. “क्लिफर्ड टाकायचा तेवढी ही कडू फुलं टाकली तर माणसाचं तोंड वाकडं होईल.”

शेजारीण असले तरी नवऱ्याची बिअर करायला घेतलेल्या विधवेला शिकवायला जाण्याएवढी मी बावळट नाही.

क्लिफर्डला जाऊन वर्ष होत आलं होतं. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या आमच्या बोल्स क्लबचं हंगाम संपल्याचं जेवण त्याच्या घरच्या बिटरशिवाय, म्हणजे कडू बिअरशिवाय, कधी झालं नव्हतं. या वेळी कप्तान सेड्रिकनं सभेत सांगून टाकलं, बिअर आता दुकानातून आणू. तशी हेझल उभी राहिली. “बिअर आमच्या घरचीच येईल,” म्हणाली आणि खाली बसली. वास्तविक तिनं ती कधी घोटभरही घेतली नव्हती. बाईचा जन्म शाळेच्या मुलांना कस्टर्ड वाढण्यात गेला; कडू म्हटलं की लांब पळायची.

बिअर तयार झाल्यावर तिनं चाखायला घरोघर एकेक बाटली दिली. आमच्याकडे रीत अशी, की बिअर आवडली तर बाटली विसळून देणाऱ्याच्या दारात ठेवायची. तोंडानं कौतुक काय, कुणीही करतं. बाटली परत आली म्हणजे माणसाला आणखी हवी आहे.

कौतुक भरपूर झालं. “वेगळीच आहे हं,” जो तो म्हणाला. बाटली मात्र एकही आली नाही. आमच्या नॉर्मननं, माझ्या नवऱ्यानं, तर बिअर गुलाबांना घातली. रोज सकाळी हेझल दार उघडायची, पायरीकडे बघायची आणि दार लावून घ्यायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी सेड्रिकच आला.

“गोड झालीय, हेझल. बारशाला चालेल.”

“एवढा जाणकार आहेस, तर तुझ्याकडची क्लिफर्डची बाटली आण. मलाही कळू दे.”

क्लिफर्डनं भरलेली शेवटची बाटली सेड्रिकच्या कपाटात होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“ती मी उघडणार नाही,” तो म्हणाला. “ती संपली की क्लिफर्डही संपला.”

तो गेल्यावर हेझलनं कोट चढवला. म्हणाली, “चल, पबमध्ये.”

पहिल्या दिवशी तिनं अर्धा ग्लास बिटर डोळे मिटून घेतली, एरंडेल घ्यावं तशी. मी पोट धरून हसले. पण बाई हट्टाला पेटली होती. रोज संध्याकाळी तेच टेबल, तोच अर्धा ग्लास. एक दिवस ग्लास संपवून तिनं ओठ चाटले. “कडू गेल्यावर मागून बिस्किटासारखं काहीतरी येतं गं,” म्हणाली. “एवढी वर्षं तो हेच सांगत होता. मी ऐकलंच नाही.” आणि डोळे पुसले.

पुढच्या खेपेला तिनं हॉप्स मुठीनं टाकले. पुन्हा घरोघर बाटल्या गेल्या. जेवण तोंडावर आलं होतं. हीही फसली तर दुकानाची बिअर ठरलेलीच.

दोन दिवसांनी सकाळी तिनं मला हाक मारली. पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या बाटल्या विसळलेल्या, आमच्या नॉर्मनचीसुद्धा.

“सेड्रिकची नाहीये,” ती म्हणाली.

एवढ्यात तो फाटकातून आत आला. हातात दोन बाटल्या, दोन्ही रिकाम्या. एक हेझलची. दुसरीवर क्लिफर्डच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

“काल दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो,” तो म्हणाला.

“मग? कुठली बरी?” मला राहवेना.

तो हेझलकडे वळला. “हेझल, जेवणाला किती आणतेयस? कमी पडता कामा नये.”

“पडणार नाही,” हेझल म्हणाली.

तो गेल्यावर तिनं सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या. दुसऱ्याच्या धुण्यावर तिचा विश्वास नाही. क्लिफर्डची मात्र चिठ्ठी भिजू न देता हलक्या हातानं धुतली, आणि पुन्हा भरायच्या बाटल्यांच्या रांगेत वाळायला उपडी घातली.