घोट्यावरचा ठेका

वडील दारापाशी थिजायचे. खोलीत ठीक चालायचे, पण उंबरठा आला की पाय फरशीला चिकटल्यासारखे. विजेचे मीटर वाचत गल्लोगल्ली पायपीट करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना कंपवाताने स्वतःच्याच मोरीच्या दारात अडकवून ठेवलं होतं. आई मागून "चला ना हो" म्हणायची.

"मी काय हौसेने उभा आहे?" ते खेकसायचे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा तालात टाळ्या वाजवल्या आणि पाय सुटला. लेक पॅकिंगच्या यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिने मनावर घेतलं. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी छोटी चिप, नखाएवढी थरथरणारी मोटर आणि टाळ्यांसारखे तालात ठोके देणारा, घोट्याला बांधायचा पट्टा.

पहिला पट्टा फसला. प्रोग्राम बॅटरी तपासायला गेला, की ठोका उशिरा पडे आणि वडिलांचा पाय अधांतरी राही.

"तुझं यंत्रही अडखळतंय गं. माझ्यावर गेलंय."

मग तिने ठोक्याचं काम चिपमधल्या टायमरकडे सोपवलं. बाकीचा प्रोग्राम कशातही गुंतो, ठोका वेळेवर पडणारच. त्या संध्याकाळी वडील दार ओलांडून, जिना उतरून एकटे कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले आणि गुळगुळीत दाढी करून आले. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

आजार मात्र हटणारा नव्हता. पावलं मंदावली तसा लेकीने ठेका मंद केला. पुन्हा करायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला. "आता पुरे. याहून हळू गेलो तर पोहोचायचो कधी?"

एका दुपारी कारखान्यात आईचा फोन आला. वडील स्वयंपाकघराच्या दारात थिजले होते. पट्टा ठोके देतच राहिला. ते त्या ठोक्यांना गाठायला गेले. अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिले. खुब्याचं हाड मोडलं.

"मी थांबलो होतो," दवाखान्यात ते लेकीला म्हणाले. "ते थांबेना." आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं. पाय उचलला की नाही हे बघून मगच पुढचा ठोका द्यायचा, एवढं तिला सुचलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. छातीत कफ भरला आणि गेले.

भेटायला येणाऱ्यांची ये-जा थांबल्यावर आईने विचारलं, "पडले होते तेव्हाही ते यंत्र पायावर चालूच होतं. मला बंद करता येईना. त्रास झाला असेल का गं त्यांना?"

"नाही आई. फोन थरथरतो ना, तेवढंच."

आईने मान हलवली. पण त्यानंतर टेबलावर फोन थरथरला, की ती हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत निघून जायची.