खारी नाल्यातला सांधा

कॉलेजच्या लोखंडी कपाटावरचं 'होळकर स्टेट' खरवडून त्यावर 'मध्य भारत' रंगवलं होतं. रंग पातळ निघाला.

चिक्कीतला दाणा चिक्कीच्या आधीचा असतो.

महूला इंजिन पाणी पितं तेवढ्यात दोन कचोऱ्या खाऊन होतात. तिसरी हातात घेऊन पळावं लागतं.

द्वारकाबाईंच्या मते वय माणसांना असतं, गुरांना असतं, लोणच्याला असतं. दगडाला कसलं आलंय वय?

नानासाहेबांचा आवाज कधीच चढत नसे.

आता नीट सांगतो. संताजी हा द्वारकाबाईंचा एकुलता एक मुलगा. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. नातवाने एम.एस्सी. करून हातात हातोडा घेतला आणि ग्रॅनाइटच्या मागे लागला. हा दगड कधीचा आणि आला कुठून, एवढाच त्याच्या प्रबंधाचा प्रश्न. त्याचे गाईड म्हणजे विभागप्रमुख नानासाहेब. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. ग्रॅनाइट म्हणजे या मुलखाचं जोतं. सगळ्यात जुना, जागच्या जागी घडलेला. शाळेच्या पाट्या होतात तो काळा दगड त्यावर नंतर साचला. असा त्यांचा लेख वीस वर्षांपूर्वी छापून आला होता, त्या लेखावर खुर्ची मिळाली होती, आणि त्या खुर्चीत बसून ते पिढ्यान् पिढ्या पोरांना तेच शिकवत आले होते.

आणि संताजीला महूच्या पुढे, घाट उतरून, खारी नाल्यात एक सांधा सापडला. चौरंगाएवढी जागा. बाकी सगळं काळ्या मातीखाली. तिथं ग्रॅनाइटची गुलाबी शीर पाटीच्या दगडात घुसली होती. घुसली म्हणजे पातळ रस होऊन आली होती. शिवाय पाटीच्या दगडाचा एक तुकडा ग्रॅनाइटच्या पोटात अडकला होता, कडेने भाजलेला. दाणा आधीचा, चिक्की नंतरची. ग्रॅनाइट जुना नव्हताच.

दोन हिवाळे नाले तुडवून हे हाती लागलं होतं. संताजीने कुणाला सांगितलं नाही, फोटो काढला नाही, परीक्षकांना लिहिलं नाही. आधी सरांच्या पायाशी नेऊन ठेवायचं. सरांना आनंद होईल, असं त्याला खरंच वाटलं. इथंच पोरगा चुकला.

संताजीने सांध्याचं सगळं सांगून कॉलेजचा कॅमेरा मागितला. "कॅमेरा?" नानासाहेब म्हणाले. "कपाटात आहे. मीच घेऊन येतो ना. तू कशाला त्रास घेतोस?"

नाताळच्या सुट्टीत दोघं गेले. नानासाहेब स्वेटर घालून नाल्यात उतरले, उकिडवे बसले, थुंकीने अंगठा ओला करून दगडावर फिरवला. मग भिंग लावलं.

"सर, ही शीर बघा. आणि हा तुकडा इथं आत–"

"दिसतंय रे. आंधळा नाही झालो अजून."

"मग सर, ग्रॅनाइट नंतरचा ठरतो ना?"

"आधी जेवू या."

द्वारकाबाईंनी धपाटे दिले होते. नानासाहेबांनी चवीने खाल्ले, बोटं चाटली. "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे! सांग त्यांना, मी म्हणालो म्हणून."

"सर, ऊन आहे तोवर फोटो?"

नानासाहेबांनी कॅमेरा काढला, उघडला, आत बघून हसले. "रीळ टेबलावरच राहिलं. बुढापा, भिया, बुढापा! चल, स्पेसिमेनच काढ."

"पण सर, परीक्षकांना जागेवर दाखवलं असतं–"

"साठीच्या माणसाला नाल्यात उतरवणार? टेबलावर ठेवू त्यांच्या. काढ."

"थोडं थांबून, सर... पुन्हा येऊन..."

"आजोबा रिसाल्यात होते म्हणतोस ना? की तेही असेच थांबून थांबून लढायचे?"

संताजीने हातोडा उचलला. पहिला घाव त्याने कडेला घातला, हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा. नानासाहेबांनी मान हलवली. "असा नाही. मुळातून." दुसरा घातला. तिसरा घातला. दगड उलला आणि आतला काळा तुकडा, इतका काळ घट्ट बसलेला, अलगद सुटून त्याच्या बुटापाशी येऊन पडला.

नानासाहेबांनी तो उचलला, धुतला, उन्हात धरला.

"बघ. सुटला. चिकटलेला नव्हताच. नाल्याने वाहून आणलेला गोटा, फटीत बसला होता."

"नाही सर! त्याची कड भाजलेली–"

"आता शीर काढ."

संताजी त्यांच्याकडे बघत राहिला. ते घड्याळाकडे बघत होते. "गाडी चुकेल रे."

त्याने शीर काढली. चौरंगाएवढ्या जागेत खळगा झाला, खडी झाली, आणि त्या खडीतून कुणाच्या बापाला काही ओळखता आलं नसतं. काळा तुकडा नानासाहेबांनी रुमालात बांधून आपल्या पिशवीत टाकला. "माझ्याकडे सेफ राहील." खडीचं पोतं संताजीने स्टेशनापर्यंत वाहिलं. वाटेत नानासाहेब त्याला पाली भाषेबद्दल काहीतरी मजेशीर सांगत होते.

परीक्षक आले ते खरंच साठीचे निघाले. भला माणूस, चहात बिस्किट बुडवून खाणारा. नानासाहेबांनी टेबलावर तो एकटा काळा तुकडा ठेवला, पेपरवेटच्या शेजारी.

"तो कॉन्टॅक्ट, वो जोड़, कहाँ है?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, हा ग्रॅनाइटच्या आत होता."

"किसने देखा?"

संताजीने नानासाहेबांकडे पाहिलं. "सरांनी."

"मी गोटा पाहिला," नानासाहेब म्हणाले. आवाज तसाच, मऊ. "आणि संताजी, फोडला कोणी?"

"मी."

"मी हात लावला?"

"नाही, सर."

परीक्षक खळखळून हसले. "अरे भाई, सबूत भी तुम्हारा, हथौड़ा भी तुम्हारा!" बिस्किट चहात तुटून पडलं, ते चमच्याने काढत बसले.

"मुलगा मेहनती आहे," नानासाहेब म्हणाले. "शेवटचं प्रकरण तेवढं बदलेल. होळीच्या आत डॉक्टर. काय रे?"

पोत्यातली खडी खोलीच्या कोपऱ्यात होती. संताजीने ती उघडलीही नाही.

कृष्णपुऱ्यातल्या घरी द्वारकाबाई वाटच बघत होत्या. "झालं का रे?"

"एक प्रकरण बदलायचंय."

"मग बदल की! मी तर पूर्ण मोहल्ल्याला सांगून बसलेय. एवढ्याशा दगडासाठी तोंड उतरवून काय बसायचं? आणि सरांना धपाटे आवडले का?"

"आवडले."

"मग झालं तर."

संताजीने भाड्याच्या टाइपरायटरवर कागद चढवला. ग्रॅनाइट हे या प्रदेशाचं जोतं आहे, सर्वांत जुनं, जागच्या जागी घडलेलं, असं त्याने लिहिलं. नाल्यात कुठेही याविरुद्ध पुरावा आढळला नाही, असंही लिहिलं, आणि ते आता खरं होतं. दोन हिवाळ्यांत जे जे शिकला होता ते सगळं त्याने त्या खोट्याला जुंपलं. नानासाहेबांच्या लेखात जिथं जिथं फटी होत्या, त्या एकेक करून बुजवल्या. त्या प्रकरणाची परीक्षकांनी खास तारीफ केली. पदवी मिळाली. पुढल्या जुलैत संताजी त्याच विभागात, त्याच फळ्यावर, पहिल्या वर्षाच्या पोरांना ग्रॅनाइट शिकवू लागला, आणि नानासाहेब दाराशी उभे राहून ऐकत.

नानासाहेबांनी तो सांधा पहिल्यांदा पाहिला १९३१ च्या हिवाळ्यात, त्यांचा लेख छापून आला त्याच्या आदल्या वर्षी.