सासूबाईंच्या जबड्यातलं हाड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने शिंपीणबाईंच्या लेकीशी परस्पर लग्न केलं, हा त्याचा गुन्हा. बाईंनी भांडण केलं नाही. फक्त त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं. चहा नाही, औषध नाही, भर पावसात छत्रीसुद्धा नाही. बोलायचं झालं तर लेकीच्या मार्फत. "त्यांना सांग, पंखा जरा कमी करा." 'ते' समोरच बसलेले असायचे. या बाईने एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

बाईंनी हिरड्यांचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं. शेवटी पुढचे दात पडले आणि खालचं हाडही झिजलं. दाताने दोरा तोडता येईना, म्हणून दुकानात त्यांची नुसती चिडचिड.

"भिंतच नाही, तर नव्या दाताची खुंटी कुठे ठोकू?" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एक प्रयोग करता येईल. अक्कलदाढेच्या आत जिवंत गर असतो. त्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून या खड्ड्यात भरायच्या. नवं हाड धरेल. खात्री मात्र देत नाही."

बाईंच्या अक्कलदाढा कधीच गेल्या होत्या, लेकीला आल्याच नव्हत्या. मायलेकींच्या नजरा हळूहळू त्याच्याकडे वळल्या.

"माझी दुखतेच आहे नाहीतरी," तो घाईघाईने म्हणाला. धडधडीत खोटं. दाढ चांगली ठणठणीत होती, पण अशी संधी पुन्हा कशाला येतेय?

"अडला हरी..." बाई पुटपुटल्या. पुढचं म्हटलं नाही, एवढी मेहेरबानी.

दाढ निघाली, पेशी वाढल्या, जबड्यात भरल्या. आणि बाईंना नवं निमित्त मिळालं. "हल्ली मला तिखट सोसत नाही," त्या लेकीला ऐकवायच्या. "त्यांची दाढच मिळमिळीत, दुसरं काय!" तो मनातून सुखावायचा. काही का असेना, आपला उल्लेख तरी होतोय.

काही महिन्यांनी एक्स-रे निघाला. खड्ड्याच्या जागी चांगलं पांढरं हाड दिसत होतं.

"आलं की आपलं हाड!" तो खुर्चीतून उठलाच.

"तुमचं नाही हो," डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्या पेशी तिथे थोडे दिवसच टिकल्या असणार. त्यांनी बाईंच्या शरीराला कामाला लावलं आणि त्या गेल्या. हाड सगळं यांचं स्वतःचंच."

त्याचं तोंड एवढंसं झालं. दाढही गेली आणि नातंही हुकलं. आता बाई काय बोलणार ते त्याला पाठ होतं. नजरेला नजर द्यायला नको म्हणून तो खाली मान घालून बसला.

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नाही याची खात्री केली, आणि आवाज अगदी खाली आणला.

"डॉक्टर, हे कुठे बोलू नका हं. सगळ्या गिऱ्हाइकांना मी सांगून बसलेय, हे हाड माझ्या जावयाचं आहे म्हणून."